चेंडू का निसटतो

वर्कशॉपचे काका जन्मजात संशयी. पेचकस जागेवर दिसला नाही, तर तो कुठेतरी पडला असेल असं त्यांच्या डोक्यात यायचंच नाही. कुणीतरी लांबवला, एवढंच यायचं. घरी काकूंनी न मागता दुसऱ्यांदा चहा दिला, तरी ते आधी कपाकडे बघत आणि मग काकूंकडे. कॉलेजच्या वर्कशॉपात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. एवढ्या काळात आपलं चुकलं असं त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. त्यांच्या मते तशी वेळच आली नव्हती.

यंदा आठ मुलं त्यांच्याकडे रोबोट बनवत होती. स्पर्धेत त्याने जमिनीवरचे चेंडू उचलून टोपलीत टाकायचे होते. मुलांनी आधी पुठ्ठ्याचं सूप करून पाहिलं; ते चेंडूंना नुसतंच ढकलत न्यायचं. मग प्लायवूडचा चिमटा केला. त्याने दोन चेंडू उचलले आणि तिसऱ्याला स्वतःच मोडला. शेवटी एकमेकांच्या उलट फिरणारे दोन रबरी रोलर लावले आणि चेंडू गपागप आत जायला लागले. संध्याकाळी तीसपैकी तीस गेले. मुलं नाचली. काका नाचले नाहीत, पण आतून हरखले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीसपैकी अकरा! चेंडू रोलरला लागून साबणाच्या वडीसारखा निसटायचा. मुलांनी दिवसभर खटपट करून संध्याकाळपर्यंत सगळं ताळ्यावर आणलं, पण पुढच्या सकाळी परत तेच. तिसऱ्या सकाळीही तेच. काकांच्या लेखी निकाल लागला होता: रात्रीतून यंत्र बिघडत नाही, बिघडवलं जातं.

त्यांनी एकेकाला पारखायला सुरुवात केली. दाढीवाला कॅप्टन वाचला, कारण तो रडकुंडीला आला होता. नजर ठरली ती रोलर बनवणाऱ्या अबोल मुलीवर. तिचा सख्खा थोरला भाऊ दुसऱ्या कॉलेजच्या टीममध्ये होता. काकांना आणखी पुरावा कशाला हवा? त्यानंतर दोन दिवस रोबोट सकाळीही झकास चालला, तेव्हा काका काकूंना म्हणाले की चोर सावध झालाय. काकूंनी कपाळाला हात लावला.

शुक्रवारी ते सातलाच येऊन सामानाच्या खोलीत दडून बसले. सव्वासातला ती आली. दाराकडे एकदा बघून घेतलं, पिशवीतून छोटी बाटली आणि फडकं काढलं आणि रोलरवर काहीतरी घासायला लागली. काका झेपावलेच. काय चाललंय, त्यांनी विचारलं. पुसत होते, ती म्हणाली. काय पुसत होतीस, यावर तिने मान खाली घातली. बाटलीत काय आहे हे बघायची काकांना गरज वाटली नाही. सगळी टीम जमल्यावर त्यांनी भावापासून बाटलीपर्यंत सारं सांगितलं. ती रडलीही नाही, भांडलीही नाही. टीमच्या सरांनी स्पर्धेच्या यादीतून तिचं नाव काढलं. दोन वर्षं ती या टीममध्ये राबली होती.

सोमवारी सकाळी ती नव्हती, आणि तीसपैकी नऊ चेंडू गेले.

काकांनी पहिल्यांदा उरलेल्या सात जणांकडे बघितलं. साथीदार असणार, हा विचार त्यांच्या मनात आलाच. मग त्यांनी रोलरवर तळवा फिरवला आणि नाकाशी नेला. वास ओळखीचा होता. रोज साडेपाचला मुलं गेली की काका लेथपासून कानसीपर्यंत प्रत्येक वस्तूवर तेलाच्या फडक्याचा हात फिरवत, गंज धरू नये म्हणून. रोबोट टेबलावर आल्यापासून तो हात त्याच्यावरही फिरत होता. लोखंडावर, नटबोल्टवर, आणि त्याच ओघात रबरावर. त्यांनी घाईघाईने घड्याळ बघितलं.

यादी बारा वाजता जाणार होती. काका आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजचे जिने धावत चढले. सरांनी ऐकून घेतलं, नाव परत लिहिलं आणि तिला बोलवायला सांगितलं. ती वाचनालयात सापडली. काकांनी धापा टाकत एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं, काका," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी रोलर हुंगला तेव्हाच कळलं. म्हणून सकाळी लवकर येऊन स्पिरिटने पुसत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्यामुळे होतंय म्हटलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं?"

काकांना फार लाज वाटली. तुझं नाव यादीत परत आलंय, चल, एवढंच ते पुटपुटले. ती जागची हलली नाही.

"माझ्याबद्दल तुम्ही सगळ्यांसमोर बोललात," ती म्हणाली. "हेही सगळ्यांसमोर सांगाल?"

वर्कशॉपात आल्यावर काकांनी मशिनं बंद करायला लावली. सातही जण हातातलं काम टाकून गोळा झाले. ती दारातच थांबली. काका घसा खाकरून उभे राहिले, तशी मुलं एकमेकांकडे बघायला लागली. आज काका कुणाचं नाव घेतात, याचीच सगळ्यांना धास्ती होती.

काकांनी स्वतःचं घेतलं.