पहिल्या पाण्याची अंघोळ

माझी काकू आज सकाळी गेली. अंघोळ करून गेली, म्हणून हे लिहितेय.

कडावच्या आमच्या घरी पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. त्याचा नियम एकच. एक बादली गरम काढली की एक बादली थंड ओतायची.

म्हणजे पहिल्याला कढत, मधल्यांना बरं आणि शेवटच्याला नावाला गरम.

पहिले काका. मग माझे बाबा. मग आम्ही पोरं.

शेवटची काकू. पहाटे उठून बंब पेटवायची तीच, आणि दिवसभर भातलावणीत वाकून पाठ धरलेली असायची तीही तिचीच.

नोकरी लागल्यावर मी घरी गीझर बसवला. फार शहाणी समजत होते स्वतःला.

महिन्याभराने कळलं, सगळ्यांचं झालं की काकू बटण बंद करते आणि उरलेल्या कोमट पाण्यात उरकते. विचारलं तर म्हणाली, "एकटीसाठी कशाला गं चालू ठेवायचं?"

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. इतका राग आला होता.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला मी बाथरूमच्या दारातच उभी राहिले. काका खांद्यावर टॉवेल टाकून आले. म्हटलं, आज आधी काकू.

काकांनी काकूकडे बघितलं. काकूने जमिनीकडे. शेवटी काकाच तिला म्हणाले, जा मग.

आत गेली ती अर्धा तास बाहेर नाही. काकांनी दोनदा खाकरून पाहिलं. मग हाक मारली, "अगं, झालं का नाय?"

आतून उत्तर आलं, "थांबा जरा. पाठ आत्ता कुठं मोकळी झालीय."

काका ओट्यावर जाऊन बसले.

त्या दिवसापासून पहिली अंघोळ काकूची. काका कुरकुरायचे, पण सकाळी गीझरचं बटण लावायचे तेच.

लोक म्हणतात, खरं सुख मनात असतं. असेल बाबा. माझ्या काकूचं पाठीत होतं, आणि ते मागायला तिला अर्धं आयुष्य लागलं. याचं मला फार वाईट वाटतं.

आज अंघोळ झाली, ओट्यावर उन्हात बसून चहा घेतला आणि बसल्या जागी मान टाकली.

काकांचा फोन आला तशी ऑफिसमधून निघाले.

खालापूरहून पोचले तेव्हा तिचे केस अजून ओले होते.

काकू, सावकाश जा गं.
तुझ्या पुतणीचा नमस्कार.