दिंडोरीच्या बाई

स्तनाच्या कॅन्सरनंतर मला रोज हार्मोनची गोळी घ्यावी लागते. तपासणीला नाशिकच्या दवाखान्यात गेले की दिंडोरीच्या एक बाई भेटतात. त्यांचीही तीच गोळी. गोळीमुळे अंगातून वाफा निघाल्या की फाइलने वारा घेत म्हणतात, "इंजिन लय तापलं!"

मागच्या खेपेला मी हळूच सांगितलं, "वाफा सोसवेनात, मी गोळी सोडलीय. महिनाभर नुसती ताकदीची पावडर घेतेय."

त्यांचं हसू थांबलं. माझा हात धरून त्या मला थेट डॉक्टरांपुढे घेऊन गेल्या. "ताईंना रागवू नका. आधी त्यांचा तरास ऐका."

डॉक्टरांनी ऐकलं, पावडर थांबवली, गोळी बदलून दिली.

आता रोज सकाळी बाईंचा फोन येतो. हॅलोच्याही आधी विचारतात, "गिळली का?"