मुलीकडच्यांचा फॉलोअप

हसू नका हं, आधीच सांगून ठेवते. माझ्या आगाऊपणामुळे सख्ख्या भावाचं लग्न मोडता मोडता राहिलं!

आता बघा, डॉक्टर फॉलोअपला बोलावतात, म्हणजे गोळ्या संपल्या की परत या. आमचे महाळुंग्याच्या कंपनीतले साहेब 'फॉलोअप घ्या' म्हणतात, म्हणजे माल गेटवर येईपर्यंत सप्लायरचा जीव खा. मी परचेसमध्ये दहा वर्षं तेच करतेय. 'कळवतो' म्हणणाऱ्याला मोकळं सोडलं, की आमची लाइन बंद पडलीच म्हणून समजा.

तर माझा धाकटा भाऊ संदीप. चिंचवडला माझ्याकडेच राहतो. वय तेहतीस, मुली बघून बघून विटलेला. पण राजगुरुनगरची मुलगी बघून निघालो, तर गडी गाडीत चक्क लाजत होता! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. फक्त निघताना मुलीची आई म्हणाली होती, विचार करून कळवतो.

कळवतो? मला? सोमवारी सकाळी नऊला पहिला फोन. चारला दुसरा, नक्की कोणत्या दिवशी सांगता? मंगळवारी सकाळ-दुपार-संध्याकाळ. बुधवारी त्या फोनच उचलेनात. मग कंपनीत काय करतो आपण? वरच्या माणसाला गाठतो. मी थेट मुलीच्या मामांना गाठलं! इकडे संदीप हात जोडून सांगतोय, ताई, राहू दे. मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं.

गुरुवारी मुलीच्या आईचाच फोन आला.

"ताई, तुमचा भाऊ लई गुणी हाय. पोरीनं पहिल्याच दिवशी पसंत केला."

"अहो, मग अडलंय कुठं?"

"तुमच्यापाशी. पोरगी म्हणती, लग्नाआधीच नणंदेचे अकरा फोन, मग घरात गेल्यावर काय व्हायचं?"

घ्या! समोर संदीप उभा, चेहरा पार उतरलेला. वाईट वाटलं हो, फार वाईट. घाईघाईत बोलून गेले की लग्नानंतर तुमच्या मुलीला एका शब्दानं काही विचारणार नाही, हवं तर लिहून देते. मला वाटलं, बाई म्हणतील, छे छे, लिहून कशाला!

त्या म्हणाल्या, "द्या की."

दिलं. सहीनिशी दिलं. लग्न थाटात झालं. तो कागद भावजयीनं फ्रिजवर चिकटवलाय, आणि फ्रिज माझा आहे!