मामाची काळोखाची खोली

रत्नागिरीत वीज गेली की मनापासून खूश होणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा सख्खा मामा निघाला. भारनियमनाच्या त्या वर्षांत अख्खी आळी वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, तेव्हा मामा म्हणायचा, "वा! फुकटचा काळोख!" तो कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा आणि परदेशातल्या मित्राने दिलेलं एक खास यीस्ट पोटच्या पोरासारखं सांभाळायचा. पेशीच्या आत निरोप पोचवणारी प्रथिनं असतात. ह्या यीस्टमध्ये त्यांना झाडाचं उजेड ओळखणारं प्रथिन जोडलेलं होतं. उजेड पडला की दोन निरोपे मिठी मारायचे, निरोप पोचायचा आणि पांढरं यीस्ट निळं व्हायचं. ते प्रथिन बदलत बदलत अगदी मिणमिणत्या उजेडालाही जागं करायचं, हा मामाचा ध्यास. "बटण दाबून पेशी चालवायची!" तो सांगायचा. मामी म्हणायची, "आधी हाक मारून नवरा कसा चालवायचा ते शोधा." लांज्याच्या एका लग्नात त्याने फोटोग्राफरच्या फ्लॅशपासून वाचवायला यीस्टचा डबा आहेराच्या ढिगात खुपसला, आणि नवरी तो घेऊन सासरी निघाली होती.

मग कॉलेजला त्याची प्रयोगाची खोली कॉम्प्युटरसाठी हवी झाली. ती वाचवायला मामाने तीन दिवस आधी दोन बशा ठेवून सोमवारी समितीला दाखवायचं ठरवलं: उजेडातली निळी, काळोखातली पांढरी. सोमवारी बघतो तर दोन्ही निळ्या! झाडूवाल्या मावशींनी तिन्ही दिवस संध्याकाळी त्या खोलीत बल्ब लावला होता.

"काय वो सर, तिन्हीसांजेला खोलीत काळोख ठेवतात काय? लक्ष्मी दारातनं माघारी जायची!"

मामा चिडायच्या ऐवजी नाचायचाच बाकी राहिला. "मावशी, माझ्या प्रथिनाला तुमचा चाळीसचा बल्बसुद्धा दिसला!"

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही असं म्हणणारच, सर. ही तुमची विद्यार्थिनी सांगू दे."

ती विद्यार्थिनी म्हणजे मी. 'बल्ब न लावता आणखी तीन दिवस द्या,' एवढंच सांगायचं होतं. वाक्य इंग्रजीत तयार होतं, मराठीतही होतं. मी बशीकडे बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात खोलीत कॉम्प्युटर आले. घरी येताना मामा म्हणाला, "तू बोलली असतीस तरी त्यांनी तेच केलं असतं गो."

प्रयोगाबद्दल मामा कधी खोटं बोलायचा नाही. माझ्यासाठी तेवढं एकदा बोलला असावा, असं मला अजून वाटतं.