ब्राइटनेस जरा कमी ठेवा!

एखाद्याच्या लॅपटॉपची बॅटरी तुम्ही अर्धा तास वाढवून दिलीत ना, की तुमच्या स्वतःच्या आयुष्यातला अर्धा तास रोज कमी होतो! मी श्रीवर्धनजवळच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. आमच्याकडे वारा जरा जोरात सुटला की लाइट जाते, आणि लाइट गेली की अख्खी स्टाफरूम माझ्याकडे बघते. किस्से जमवावे लागतच नाहीत. चहाला बसलं की एक निघतो आणि त्याचं शेपूट धरून दुसरा.

*

आमचे चित्रकलेचे म्हात्रे सर. भला माणूस, पण सांगितलेलं जसंच्या तसं पाळणारा. मी म्हटलं, "सर, सगळ्यात जास्त बॅटरी स्क्रीनचा उजेड खातो. ब्राइटनेस जरा कमी ठेवा." सरांनी ती थेट तळाला नेली! आता भर दुपारी त्या स्क्रीनवर काय दिसणार, कप्पाळ! मग सरांनी डोक्यावरून टॉवेल घेतला, लॅपटॉपलाही आत घेतलं आणि काम सुरू. नववीतली पोरं दारातून बघून गेली.

मधल्या सुट्टीनंतर एक मुलगी घरून स्टीलच्या डब्यात काढा घेऊन हजर. "सर, आई म्हणाली, वाफारा घेतल्यावर वाऱ्याला बसू नका."

सरांनी काढा निमूटपणे संपवला. मला म्हणाले, "एवढ्या मायेने आणलाय, नाही कसं म्हणू?"

*

नाईक बाईंचं दुसरंच. घर समुद्राला लागून, त्यामुळे खाऱ्या हवेने त्यांची शिलाई मशीन गंजली, सायकल गंजली, कपाटाची कडीसुद्धा गंजली. म्हणून नवा लॅपटॉप घरी आल्या आल्या बाईंनी त्याला जाड प्लॅस्टिकचा अंगरखाच शिवला! स्क्रीन आणि बटणं तेवढी मोकळी. आतला पंखा असा घरघरायचा की शेजारच्या वर्गात ऐकू जाई. हात लावावा तर इस्त्री.

"बाई, गरमीने बॅटरी मरते हो. त्याला हवा लागू द्या."

बाईंनी ऐकलं, प्लॅस्टिक काढलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर डाव्या हाताने टाइप करतायत आणि उजव्या हाताने लॅपटॉपला वहीने वारा घालतायत.

"अहो बाई!"

"गप्प बसा हो. लाइट नाही, आणि बिचारा सकाळपासून राबतोय."

*

हेडसरांना मी सांगून चुकलो, की नको ते सगळं बंद ठेवावं. त्यांनी ब्लूटूथ बंद केलं, वायफाय बंद केलं. बॅटरी दिवसभर पुरली, सर खूश. पण अलिबागच्या ऑफिसला माहिती मेल करायची होती, ती काही केल्या जाईना! मला विचारावं, तर त्या दिवशी मी रजेवर. सरांनी पेनड्राइव्ह खिशात घातला, दिघीला जाऊन बोट धरली, आगरदांड्याला उतरले, तिथून एसटीने अलिबाग. माहिती हातोहात देऊन संध्याकाळी परत.

दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलेलं, तरी चेहऱ्यावर तेज! "बघितलंत? अजून बासष्ट टक्के शिल्लक आहे!"

*

हिराताई आमच्या शाळेच्या मदतनीस. कोळीवाड्यातलं घर शाळेच्या कुंपणापलीकडेच. नवरा काशिनाथ मालवाहू जहाजावर, वर्षातले नऊ महिने पाण्यात. जहाज बंदराला लागलं की तो व्हिडिओ कॉल करतो. ताईंचा मोबाईल बटणांचा, म्हणून जुना लॅपटॉप डोंगल खोचून घरी ठेवून गेलाय. जहाज एकदा सुटलं की महिना-महिना त्याचं तोंड दिसत नाही. आणि नेमकी कॉलच्या वेळीच लाइट गेली, तर हा लॅपटॉप चाळीस मिनिटांत मान टाकणार! दोन कॉल असेच गेले. तेव्हा ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. डोळे भरलेले.

"सर, काय पण करा."

मी नको ते प्रोग्राम बंद केले. दोन मिनिटांनी स्क्रीन काळी व्हावी पण लॅपटॉप झोपू नये, असं सेटिंग केलं. बॅटरी दोन तासांवर गेली. तरी आठवड्याने ताई परत, "सर, तासाभरात गेला!"

घरी जाऊन बघतो तर ताई त्याच्यासमोर मांडी घालून बसलेल्या. स्क्रीन काळी झाली रे झाली, की बोट लावायच्या. "जागा हायस ना रे बाबा?" की स्क्रीन पुन्हा लख्ख!

"ताई, असं उठवू नका त्याला."

"झोपला तर त्यांची हाक कशी ऐकंल?"

मी कडेचा बारका दिवा दाखवला. "हा लागलेला आहे ना, म्हणजे तो जागा आहे. नुसते डोळे मिटलेत."

"व्हय? म्हंजे माझ्यासारखाच," ताई म्हणाल्या.

*

जुलैतली गोष्ट. काशिनाथचं जहाज त्या दिवशी दुपारी बंदर सोडणार होतं. आमच्याकडे सकाळपासून लाइट नाही. झडीचा पाऊस आत येत होता, म्हणून ताईंनी दारं-खिडक्या लावून घेतलेल्या. भर दुपारी घरात डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. मला धीराला बोलावलेलं. कॉल वाजला तेव्हा बॅटरी अकरा टक्के! मी पटकन ब्राइटनेस तळाला नेली.

"दहा-बारा मिनिटं मिळतील, ताई. बोला."

काशिनाथ दिसला. दाढी वाढलेली.

"हिरे, आवाज येतंय. पन तू दिसत न्हायस गो. नुसता काळोख हाय."

त्या खोलीत स्क्रीन सोडली तर दुसरा उजेडच नव्हता, आणि तो मीच घालवला होता. मी ताईंच्या कानाशी म्हटलं, "वाढवला तर चार-पाच मिनिटांत बंद पडेल."

ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "फुल्ल करा, सर. एवढी वाचवली ती कशापायी?"

मी बटण दाबत गेलो. ताईंच्या तोंडावर उजेड पडला. पलीकडे काशिनाथ स्क्रीनजवळ सरकला. बॅटरी नऊ टक्के, मग आठ, तरी तो नुसता बघत बसलेला. मलाच घाई झाली.

मग तो म्हणाला, "वेणी माळलीस?"

हिराताईंनी हळूच मान वळवून दाखवली.