मामांची दस्ती आणि इस्तंबूलचा बाजार

जगातला प्रत्येक बाजार ही शिरड शहापूरच्या आठवडी बाजाराची शाखा आहे, असं माझ्या मामेसासऱ्यांचं मत आहे आणि इस्तंबूलला जाऊन आल्यावरही ते बदललेलं नाही. माझ्या बायकोला लहानपणापासून या मामांनीच वाढवलं. "त्यांना एकदा जग दाखवा," म्हणून तिने मला त्यांच्यासोबत सहलीला पाठवलं आणि स्वतः लेकरांच्या परीक्षेसाठी घरी राहिली. धोतर, टोपी आणि खांद्यावर दस्ती, म्हणजे त्यांचा तो लांबरुंद रुमाल, अशा थाटात मामा विमानात चढले. खिशात स्वतःच्या शेतातली चार हळकुंडं होती, तिकडच्या लोकांना दाखवायला.

तिथल्या प्रत्येक पदार्थाचं त्यांनी आपल्या स्वयंपाकघराशी नातं लावून टाकलं. तीळ लावलेल्या गोल पावाला ते 'तिळाचं कडं' म्हणत. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळलेले डोलमे आले, तेव्हा अळूवडी कशी तळतात ते त्यांनी वेटरला हातवारे करून शिकवलं. आयरान नावाचं खारं ताक मात्र त्यांना पसंत पडलं. तीन पेले रिचवून ते म्हणाले, "जावईबापू, ताक बराबर हाय. पर याच्यात जिरं काहून न्हाई?" मग पिशवीतून ठेच्याची डबी काढून त्यांनी ती शेजारच्या टेबलावरही फिरवली. सहलीतली पुण्याची मंडळी गालात हसत होती. मी लाजेने मेनूकार्डात तोंड खुपसून बसलो.

मसाल्याच्या बाजारात कहर झाला. हळदीचा ढीग दिसताच मामांनी आपलं हळकुंड मोडून दुकानदाराच्या नाकासमोर धरलं. मग भाचीसाठी केशर घ्यायचं ठरलं. भाषेवाचून मामांचं काही अडलं नाही. त्यांनी दस्ती दुकानदाराच्या हातावर पसरली आणि खालून त्याची बोटं धरली. आमच्याकडे बैलबाजारात भाव असाच ठरतो, तोंडातून शब्द न काढता. दुकानदार दचकला. बघे जमले, मोबाइल वर झाले. सहलीतल्या एका बाईंनी मला विचारलं, "हे तुमच्याबरोबर आहेत ना?"

"छे," मी म्हणालो, "सहलीतच ओळख झाली."

मामा दोन पावलांवर होते. दस्तीखालचा हात थांबला. एव्हाना दुकानदाराला सगळा प्रकार कळला होता आणि तो हसून आपणहून बोटं पुढे करत होता. पण मामांनी दस्ती उचलली, तिची नीट घडी केली आणि पिशवीत तळाशी ठेवली. "राहू द्या," एवढंच म्हणाले. उरलेले दोन दिवस ती बाहेर निघाली नाही. ते चमच्याने जेवले, ताकाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. अगदी मला हवे तसे वागले आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

परतल्यावर शिरडला त्यांच्या ओसरीवर गाव जमलं. मी इस्तंबूलहून आणलेल्या मऊ गोड वड्यांचा डबा फिरवत होतो. शेजाऱ्याने मामांना विचारलं, "परक्या मुलखात भेव न्हाई वाटलं व्हय?"

"कसलं भेव? जावई संगं होते की. येक घटका सोडलं न्हाई त्यांनी मला."

डबा माझ्या हातात तसाच राहिला.

त्यानंतर माफी मागायची म्हणून मी दोनदा शिरडला जाऊन आलो. दोन्ही वेळा मी तोंड उघडायच्या आत मामांनी ताकाचा पेला पुढे केला. "आधी हे घ्या," म्हणाले, "जिरं घातलंय."