जीएच्या पाण्यात भिजवलेल्या काड्या

आमच्या शेजारच्या मंगलचा हात लागला की द्राक्षाचा घड लांबतो, असं कवठे महांकाळात लोक कौतुकानं म्हणायचे. खरं तर ते काम तिच्या डब्यातल्या जीएचं. मणी लांबट व्हावेत म्हणून घड ज्या संजीवकाच्या पाण्यात बुडवतात, ते हे जीए. मुकादम येसूबाईंच्या मजूर टोळीबरोबर बागोबाग फिरून मंगलनं निम्मं आयुष्य हेच केलं. मान वर, हात वर. शेवटी मान इतकी दुखायला लागली की भाकरी थापतानाही ती कळवळायची.

म्हणून गेल्या हिवाळ्यात तिनं घरामागं रोपवाटिका काढली. जंगली द्राक्षाच्या काड्या पिशव्यांत लावायच्या, मुळं धरली की बागायतदारांना द्यायच्या. ते पुढं त्यावर खायच्या द्राक्षाचं कलम बांधतात. तासगावकडचे बागायतदार वीरधवल यांनी पहिली मागणीही सांगून ठेवली. जमलं तर टोळी सुटणार होती, नाहीतर पुन्हा तोच डबा.

आता आमची मंगल म्हणजे कुणाला विचारून काम करण्यातली नव्हे. जे मण्याला लांबवतं ते मुळाला का लांबवणार नाही, असा सरळ हिशेब करून तिनं काड्या जीएच्या पाण्यात भिजत घातल्या. द्राक्षपट्ट्यात आयुष्य काढलेल्या माणसालाच असली अक्कल सुचते! आणि काड्या अशा फुटल्या की बघत राहावं. वीतभर हिरवेगार शेंडे. मंगल रस्त्यानं जाणाऱ्याला हाताला धरून आत आणायची.

वीरधवल आले आणि त्यांनी एक काडी सहज उपसली. ती अलगद हातात आली.

"ताई, ह्याला खाली काय बी न्हाई की," ते म्हणाले.

दुसरी तशीच, तिसरी तशीच. काडीतला सगळा अन्नसाठा शेंड्यांनीच खाल्ला होता. मंगल मातीत बसून रडली. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

तिची लेक प्रियदर्शनी इस्लामपूरला शेतकी शिकते. फोनवर ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "आई, जीए शेंड्याला पळवतं आन् मुळाला अडवतं. मुळाचं संजीवक येगळं. झाडाच्या कोवळ्या शेंड्यात ते तयार हुतं, खाली उतरतं. कापलेल्या जागी साठलं की तिथल्या पेशींची मुळं व्हायला लागत्यात. दुकानात आयबीए म्हणून मिळतं. पण लय घालू नगंस. जास्त झालं तर नुसती गाठ धरती."

हे मंगलला जड होतं. कमी घालणं तिच्या स्वभावात नाही, आमटीतल्या तिखटापासून. तरी दुसऱ्या खेपेला तिनं हात आवरला. नव्या काड्यांची फक्त बुडं आयबीएत टेकवली. या काड्या बरेच दिवस वाळक्याच दिसत होत्या. मंगल गुपचूप पाणी द्यायची आणि कुणालाही आत बोलवायची नाही.

एप्रिलच्या छाटणीसाठी येसूबाई टोळी जमवत आल्या. त्यांच्याही मानेला पट्टा होता. "मंगल, सोमवारी ये गं. तुजी जागा धरलीया."

मंगलनं एक पिशवी उचलून आडवी केली. खालच्या भोकांतून पांढरी मुळं बाहेर डोकावत होती. येसूबाईंनी ती बोटानं हलकेच चाचपली.

"आवं मावशी, औंदा मला धरू नगासा," मंगल म्हणाली.

येसूबाई तिथंच पिशव्यांपाशी टेकल्या. मग म्हणाल्या, "बरं. म्होरल्या पिशव्या भराय मला बोलीव. हितं बसून काम हाय नव्हं?"